सत्तावीस आयांची हरकत

"अर्जदार क्रमांक एक, वसंत गोविंद देवतळे," कारकुनाने पुकारलं.

देवतळे काका उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि टेबलासमोर जाऊन उभे राहिले. सुनावणी घेणाऱ्या महापालिकेच्या मॅडमनी चष्मा लावला आणि अर्ज मोठ्याने वाचायला घेतला.

"'मी एका तीन वर्षांच्या मुलाची आई असून…'" त्या थांबल्या. अर्ज उलटा करून पाहिला, मग काकांकडे पाहिलं. "तुम्ही?"

"हो. म्हणजे, मजकूर तसा आहे मॅडम."

"'माझ्या मुलाला ताप चढला की झटके येतात.' मुलाचं वय काय तुमच्या?"

"चव्वेचाळीस. हैदराबादला असतो."

"त्याला झटके येतात?"

"नाही जी. तो एकदम तंदुरुस्त."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा अर्ज उचलला. तो आमच्या गल्लीतल्या बोबडे सरांचा होता. सरांनी आयुष्यभर लग्न केलं नव्हतं, आणि तेही तीन वर्षांच्या मुलाची आई होते. तिसरा अर्ज, चौथा अर्ज. पाचव्यानंतर मॅडमनी सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"सत्तावीस अर्ज. सत्तावीस आया," त्या म्हणाल्या. "यात खरी कोण?"

मी तिसऱ्या रांगेत होते. अन्वय मांडीवर होता, पाण्याची बाटली उघड-बंद करत. माझा तळवा त्याच्या कपाळावर होता. तो तिथे केव्हा गेला ते मला कळलं नव्हतं. त्या वर्षी माझा हात आपोआपच तिथे जायचा.

तो मजकूर माझा होता.

झालं होतं असं. आमचा श्रमसाफल्य लेआउट म्हणजे नागपुरातली एक वीस फुटांची गल्ली, दोन्ही बाजूंना मिळून सत्तावीस घरं. आमच्या घराच्या अगदी समोर एक जुनी दुमजली इमारत होती, सहा भाडेकरूंची. ती पाडून तिथे चार मजले होणार होते. मेट्रोचं स्टेशन चालत पाच मिनिटांवर, म्हणून नव्या इमारतीत गाड्यांना जागा ठेवायची नाही, तशी सवलत मिळावी असा बिल्डरचा अर्ज होता. महापालिकेची नोटीस त्या इमारतीच्या भिंतीवर चिकटली: कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

दुसऱ्या दिवशी देवतळे काका आमच्याकडे आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, गल्लीचे बिनपगारी सेक्रेटरी.

"पार्किंग नसलेली बिल्डिंग! ऐकलं होतं का कधी? दहा फ्लॅट म्हणजे दहा गाड्या. त्या काय मेट्रोत घेऊन जातील? आपल्या दारात लावतील. तू एम. ए. झाली आहेस वं पोरी. तू लिही. नोव्हेंबरमध्ये तुझ्यासोबत जे झालं ते लिही."

मी लिहिलं. नोव्हेंबरच्या त्या दुपारी अन्वयला एकशे तीन ताप चढला आणि त्याचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले. निखिल, माझा नवरा, बुटीबोरीला कामावर होता. मी अँब्युलन्स बोलावली. ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली, कारण रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनांमुळे तिला आत येता आलं नाही. मी मुलाला टॉवेलात गुंडाळून सव्वाशे पावलं पळाले. हे सगळं मी एका पानात लिहिलं. शेवटी लिहिलं की अशा गल्लीत आणखी दहा गाड्या आल्या तर पुढच्या वेळी माझ्या मुलाचं काय होईल, याचं उत्तर मला द्यावं.

काकांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि घेऊन गेले. संध्याकाळी त्यांनी त्याच्या सत्तावीस झेरॉक्स काढल्या होत्या. फक्त नाव आणि घर क्रमांकाची जागा कोरी.

"काका, अहो, हे माझं आहे. प्रत्येकाने आपापलं लिहायला हवं न."

"इतकं चांगलं लिहिलेलं, त्याला हात कशाला लावायचा?"

आणि सगळ्या गल्लीने सह्या केल्या.

"मी," असं म्हणत मी आता उभी राहिले. "मी खरी. ऋचा ढोमणे. क्रमांक नऊ."

मॅडमनी अन्वयकडे पाहिलं. त्याने त्यांना बाटलीचं झाकण दाखवलं.

"या पुढे. बसा, उभं नका राहू." त्यांचा आवाज जरा उतरला. "हे बघा, बाकी सव्वीस अर्ज मी तुमच्या अर्जाला जोडते. तुमचं जे होईल ते त्यांचं. चालेल, देवतळे?"

"शंभर टक्के," काका म्हणाले आणि माझ्याकडे पाहून मूठ आवळली.

मी टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. डाव्या हाताला बिल्डरचा आर्किटेक्ट नकाशाची गुंडाळी घेऊन बसला होता आणि त्याच्या पलीकडे नंदाताई कुहीकर. त्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, एकाच खोलीत. दारात मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. माझ्याही सगळ्या साड्या त्यांच्याकडेच जायच्या. नोव्हेंबरच्या त्या दुपारी माझी किंकाळी ऐकून सगळ्यात आधी धावत आल्या त्या ताईच होत्या.

"यांचं काय म्हणणं आहे ते आधी ऐका," मॅडम मला म्हणाल्या आणि ताईंकडे वळल्या.

नंदाताई उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला, परत काढला. "माझं एवढंच आहे मॅडम. खाली गाड्या ठेवाच्या असन तर खाली घर नाही होत. मग मले तिसऱ्या माळ्यावर देतो म्हणतात. तिसऱ्या माळ्यावर फॉल लावाले कोण येईन? बायका रस्त्यानं जाता जाता पिशवी टाकून जातात, म्हणून माझं चालते. बावीस वर्षं झाले त्याच दारात."

"गाडी आहे तुमच्याकडे?"

"मशीन आहे," ताई म्हणाल्या आणि बसल्या.

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे त्या तळमजल्यावर राहतात हे माहीत होतं, गाड्यांची जागाही तळमजल्यावरच असते हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी मी एकमेकींजवळ कधी ठेवल्या नव्हत्या. मी ताईंकडे पाहिलं. त्या नकाशाच्या गुंडाळीकडे पाहत होत्या.

मॅडमनी माझा अर्ज हातात घेतला. पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली.

"ढोमणे, अर्ज चांगला आहे. मी दोनदा वाचला. मला एकच विचारायचं आहे. हे घडलं नोव्हेंबरमध्ये, बरोबर?"

"हो."

"नवीन इमारत अजून झालीच नाही. जुनीत कोणाकडे चारचाकी नाही, ते मी तपासलंय. मग त्या दिवशी रस्त्यात होती ती गाडी कोणाची?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. निखिलने नाही, आईने नाही, डॉक्टरांनीही नाही. मी ही हकिकत इतक्या जणांना सांगितली होती की ती आता पाठ झाली होती. सांगता सांगता त्या गाडीचं 'गाड्या' झालं होतं, आणि लिहिताना 'वाहने'. वाहनांना मालक नसतो.

"कोणाची होती?" मॅडमनी परत विचारलं.

मी आठवायला लागले. अन्वयचे ओठ निळसर झालेले आठवले. गल्लीच्या तोंडाशी फिरणारा दिवा आठवला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत होता, मागे घ्या, मागे घ्या म्हणत. एका बाजूला काकांची गाडी होती, राखाडी कव्हर घातलेली.

"काका, तुमची गाडी…" मी म्हटलं.

काका ताडकन उठले. "माझी गाडी सहा वर्षांपासून भिंतीला चिटकून उभी आहे मॅडम! तिच्यामुळे कोणाचंच काही अडलं नाही कधी. समोर दुसरी नसली तर ट्रक जाते तिथून."

"मग समोर दुसरी कोणाची होती?"

काका बसले. बोबडे सर पंख्याकडे पाहायला लागले. खोलीत सत्तावीस घरं होती आणि एकही माणूस बोलेना. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे. मलाच तेवढं माहीत नाही.

मॅडम नंदाताईंकडे वळल्या. "तुमचं दार समोरच आहे. तुम्ही होता त्या दिवशी?"

"होती न."

"मग सांगा. कोणाची गाडी होती?"

ताईंना सांगायला काहीच हरकत नव्हती. उलट त्यांचं सगळं त्या एका उत्तरावर होतं. आर्किटेक्टने तर पेन उघडून हातात धरलं होतं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ.

"मले आठवत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

आणि त्या खोटं बोलत होत्या, हे मला कळलं. कारण त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं होतं नोव्हेंबरमध्ये, आमच्या घरात, दाराजवळच्या खुंट्यांसमोर. "गाडीची चाबी कुठं आहे? चाबी द्या, मी कोणाला तरी गाडी काढाले लावतो," असं त्या ओरडत होत्या. मी अन्वयला धरून खुंटीकडे बोट दाखवत होते. खुंटीवर चाबी नव्हती. ती निखिलच्या पँटच्या खिशात होती, बुटीबोरीला. तो कंपनीच्या बसने गेला होता आणि चाबी सवयीने खिशात गेली होती. ताई खुंटीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. मग त्यांनी अन्वयचे पाय धरले, मी डोकं, आणि आम्ही पायऱ्या उतरलो.

गाडी आमची होती.

पाच महिने मला हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आज अन्वय सातवीत आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण जे लिहिलं ते खरंही नव्हतं.

"आमची होती," मी म्हटलं.

"काय?"

"गाडी. आमची होती. माझ्या नवऱ्याची."

काकांनी "अगं ए," असं काहीतरी पुटपुटलं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुमच्या घराला पोर्च नाही?"

"होता. भिंत घालून खोली केली. अन्वय होणार होता तेव्हा." मग मला उगाच पुढेही सांगावंसं वाटलं. "उत्तरेची आहे. घरातली सगळ्यात थंड खोली. उन्हाळ्यात त्याला तिथेच झोपवते. अंग तापू नये म्हणून."

"गल्लीत आणखी किती जणांनी पोर्चच्या खोल्या केल्यात?"

मी मागे पाहिलं नाही. "जवळजवळ सगळ्यांनी."

मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी म्हणालं, "झालं. आता आपलीच घरं दाखवा मोजून." मॅडमनी हात वर करून गप्प केलं.

"मग मी काय लिहू, ढोमणे? हरकत मागे घेता?"

घ्यायला हवी होती. समोर नंदाताई बसल्या होत्या. त्यांनी एवढं केल्यावर घ्यायलाच हवी होती. पण अन्वय माझ्या मांडीवर जड व्हायला लागला होता, पेंगत होता, आणि त्याचं डोकं माझ्या हाताला गरम लागत होतं. एप्रिलमध्ये सगळ्यांचीच डोकी गरम असतात. तरी मी मनात डिग्री मोजायला लागले होते.

"नाही," मी म्हटलं.

"का? तुम्हीच आता सांगितलं."

"गाडी आमची होती हे खरं आहे. पण अँब्युलन्स आत आली नाही हेही खरंच आहे न मॅडम? उद्या आमची नसेल, दुसऱ्याची असेल. ती कोणाचीही असली तरी मला पळावंच लागेल. पण ताईंचं दार जावं असंही मला वाटत नाही. ते कसं करायचं मला माहीत नाही."

"एक काहीतरी सांगा. 'कायम' किंवा 'मागे'. 'पण'साठी रकाना नाही माझ्याकडे."

"मग कायम," मी म्हटलं आणि सही केली.

खाली उतरताना जिन्यावर मी नंदाताईंना गाठलं. अन्वय खांद्यावर झोपला होता.

"ताई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय?"

"तुम्हाला आठवत होतं."

ताई दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. "सांगून काय झालं असतं? खोली भेटली तरी तुमच्याच समोर राहाची आहे मले. आणि तुम्ही काय केलं? सगळं सांगून वरून कायम!" त्या हसल्या की रागावल्या ते मला कळलं नाही. "असं कसं वो तुमचं? एका बाजूनं तरी उभं राहाचं न माणसानं."

जुलैमध्ये निकाल आला. इमारतीत पार्किंग नसलं तरी चालेल. मात्र हरकतदार क्रमांक नऊ यांचं म्हणणं लक्षात घेता त्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या करायला बंदी, अँब्युलन्स आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी रस्ता कायम मोकळा ठेवायचा.

मी तो कागद तीनदा वाचला. मी जिंकले होते की हरले होते ते मला समजेना. काकांना मात्र लगेच समजलं.

"बंदी बिल्डिंगवर मागितली होती आपण. तू आणली आपल्यावर!" ते गेटवरूनच ओरडले. "सत्तावीस घरांच्या गाड्या उचलायला लावल्या एका पानानं. आणि त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या कोणी? मी! माझ्या पैशानं!"

त्यानंतर ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची कव्हरवाली गाडी क्रेनने उचलून नेली तेव्हा खाली चार चाकांच्या जागी चार कोरडे चौकोन उरले. बोबडे सर एवढंच म्हणाले, "आपण मातृत्वाचा अर्ज करायलाच नको होता," आणि त्यांनी त्यांची स्कूटर अंगणात घेतली.

सप्टेंबरात आम्ही पोर्चची भिंत पाडली. निखिलने दोन सुट्ट्या काढल्या. प्रत्येक वीट तो थोडी जास्तच जोरात फेकत होता. अन्वयची खोली गेली. त्याचं अंथरूण मी मधल्या खोलीत आणलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात कूलर कुठे लावायचा याची काळजी सप्टेंबरपासूनच करायला घेतली. खोलीच्या जागी गाडी आली. ती नेमकी बसली, आरसे मिटून.

नंदाताईंना तळमजल्यावरच खोली मिळाली, पण ते पुढे दोन वर्षांनी. अन्वयला नंतर ताप अनेकदा आले, झटका पुन्हा आला नाही. अँब्युलन्स आमच्या गल्लीत आजपर्यंत आलेली नाही. त्यामुळे त्या मोकळ्या रस्त्याचा उपयोग झाला असता की नाही, हे मला कोणीच सांगू शकत नाही.

मला सांगायचं आहे ते ऑक्टोबरमधलं. गल्लीत दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे मारून झाले होते. आमच्या दारापासून मेन रोड थेट दिसायचा. इतकी वर्षं तो दिसला नव्हता. मी गेटशी उभी होते, संध्याकाळचे पाच वाजले असतील. अन्वय माझं बोट धरून होता. मी अंदाज घेत होते की अँब्युलन्स तिथून निघाली तर इथे यायला किती सेकंद लागतील. वीस, मी मोजलं. फार तर पंचवीस.

तेवढ्यात मेन रोडवरून एक मोटरसायकल वळली. पूर्वी गल्लीत शिरताना सगळ्यांना गाड्यांमधून वाट काढत हळू यावं लागायचं. याला काहीच अडवायला नव्हतं. तो सरळ आला, सुसाट, आणि त्याच क्षणी अन्वयने बोट सोडलं, कारण समोर ताईंच्या दारात मांजराचं पिल्लू होतं.

"ओ! पोरगं!" नंदाताई मशीनवरून ओरडल्या.

ब्रेकचा आवाज झाला. मी अन्वयला दंडाला धरून मागे खेचलं तेव्हा त्याची एक चप्पल पट्ट्यावर राहिली होती आणि मोटरसायकलचं पुढचं चाक त्या चपलेला लागून थांबलं होतं. तो माणूस मलाच म्हणाला, "सांभाळा न मॅडम पोराला, रस्ता आहे हा."

अन्वय रडला नाही. त्याला मांजर हवं होतं. ताईंनी चप्पल उचलून आणून दिली आणि परत गेल्या. मशीन बराच वेळ सुरू झालं नाही.

निखिल सातला आला. नवीन पोर्चमध्ये गाडी कशी बसली ते तो रोज यायचा तेव्हा एकदा बघायचा, तसं त्याने पाहिलं, बंपरवरची धूळ हाताने झटकली. मी दारातच उभी होते. मी त्याला काहीच सांगितलं नाही, चपलेचंही नाही.

"निखिल," मी म्हटलं, "गाडी थोडे दिवस परत बाहेर लावायची का?"

तो वळला. हातावरची धूळ तशीच राहिली होती. तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि मी अन्वयचं मनगट सोडलं नाही.